अमेरिकेत डिसॅबिलिटीचं अपील: प्रतिनिधी निवडताना काय विचारायचं?

 

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल, पण दहा मिनिटं थांबा. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या तुमच्या एखाद्या मित्राला त्याची पे स्लिप उघडायला सांगा. पगारातून कापलेल्या रकमांमध्ये एक ओळ असते, 'सोशल सिक्युरिटी' किंवा 'ओएएसडीआय'. पगाराच्या ६.२ टक्के. आपण म्हणतो, असेल म्हातारपणाची पेन्शन. पण त्या ओएएसडीआयमधला 'डी' डिसॅबिलिटीचा आहे. म्हणजे तो एक विमा आहे. पुरेशी वर्षं काम केलेलं असेल आणि आजारामुळे किंवा दुखापतीमुळे किमान बारा महिने काम करणं शक्य नसेल, तर दरमहा पैसे मिळतात. त्याला म्हणतात एसएसडीआय. एच-वन-बीवर असलेल्यांच्याही पगारातून हे कापलं जातं. आणि भारत-अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे इथल्या पीएफची वर्षं तिकडे मोजत नाहीत. तिथे जेवढं काम केलं तेवढंच धरलं जातं.

आता गंमत अशी की पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त अर्ज नाकारले जातात. मग अपील. आणि अपील म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, वकील कोण? आजचा भाग फक्त या एका प्रश्नावर. मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक केलंय, तिकडे न्यू जर्सीत नोकरी करतो. गेल्या वर्षी घरातल्या एका केसमुळे यात खोलवर जावं लागलं. जे समजलं ते सांगतो.

केस माझ्या मावशीच्या यजमानांची. आम्ही त्यांना काका म्हणतो. वय ५३. वीस वर्षं गोदामात काम, खोकी उचलायची, पॅलेट हलवायचे. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली. आता वीस मिनिटांच्या वर एका जागी बसवत नाही. अर्ज केला, नाकारला गेला. काका म्हणाले, सांग बिनधास्त, पण नाव नको. म्हणून नाव नाही.

पत्र आल्यावर फॅमिली ग्रुपवर तीन सूचना आल्या. एक, टीव्हीवर जाहिरात येते त्या टोल फ्री नंबरला फोन लावा. दोन, आपल्या ओळखीचे ते वकील आहेत ना, ज्यांनी ग्रीन कार्डचं काम केलं, ते आपलेच आहेत, मराठी बोलतात. आणि तीन, अरे तूच हो ना, तुला पोर्टल वगैरे सगळं कळतं.

तिन्ही सूचना प्रेमाने आलेल्या. पण निवडायचं कशावर? मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी पैसे कसे फिरतात ते बघितलं. तिथेच बरंचसं उत्तर सापडतं.

नियम असा आहे. प्रतिनिधीने फी घ्यायची तर सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसची मंजुरी लागते. नेहमीच्या करारात फी म्हणजे थकबाकीच्या २५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी असेल ते. ही कमाल रक्कम आधी ७,२०० डॉलर होती, ३० नोव्हेंबर २०२४ पासून ९,२०० झाली. सही करताना चालू आकडा बघून घ्या. केस हरलात तर या करारात फी शून्य. जिंकलात तर सरकार तुमच्या थकबाकीतून कापून थेट त्याला देतं.

उदाहरण घेऊ. समजा महिन्याला १,८०० डॉलर मंजूर झाले आणि १४ महिन्यांची थकबाकी निघाली. झाले २५,२०० डॉलर. त्याचे २५ टक्के म्हणजे ६,३००. तेवढी फी. तेच ३० महिने गेले असते तर थकबाकी ५४,०००, २५ टक्के म्हणजे १३,५००. पण कमाल मर्यादा आहे, म्हणून फी ९,२०० वर थांबते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, 'स्वस्तातला बघू की चांगला बघू' हा प्रश्नच नाही. चांगला आणि वाईट, दोघांचा दर जवळपास सारखा. त्यामुळे घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रतिनिधीने तुमच्या फाईलवर दहा तास घालवले काय किंवा चाळीस तास, फी तेवढीच. मग एखाद्या मोठ्या ऑफिसला नफा कशात आहे? केसेस जास्त, प्रत्येकीला वेळ कमी. माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. रचनाच तशी आहे. म्हणून तुम्ही शोधायचा तो माणूस एकच, जो तुमच्या फाईलला वेळ देईल. चांगलं बोलणारा, मोठ्या ऑफिसचा, आपल्या गावाकडचा, हे सगळं नंतर.

आता त्या तीन सूचनांकडे परत येऊ.

टोल फ्री नंबरवाले. तिथे फोन केला की पाच मिनिटांत फॉर्म येतो, एसएसए-१६९६. प्रतिनिधी नेमण्याचा हा फॉर्म. मोबाईलवर बोटाने सही केली की झालं. झटपट काम! पण थांबा. ज्याच्याशी बोललात तो बहुतेक वेळा प्रतिनिधी नसतो, माहिती भरून घेणारा असतो. तर विचारा, फॉर्मवर कोणाचं नाव येणार? सुनावणीला तोच माणूस असणार की आदल्या दिवशी कोणीतरी नवीन येणार? फाईल कोण वाचणार? नीट उत्तर मिळालं तर चांगलंच आहे, मोठ्या ऑफिसमध्येही उत्तम माणसं असतात. 'टीम बघते' असं मोघम उत्तर आलं तर सही करू नका.

जाहिरात बघून निवडण्याबद्दल एक खरी गोष्ट सांगतो, कोर्टाच्या रेकॉर्डवर असलेली. केंटकी राज्याच्या पूर्व भागात, खाणकामगारांच्या पट्ट्यात एरिक कॉन नावाचा वकील होता. सगळीकडे त्याच्या होर्डिंग, टीव्हीवर जाहिराती, ऑफिसबाहेर लिंकनचा अवाढव्य पुतळा. स्वतःला तो 'मिस्टर सोशल सिक्युरिटी' म्हणवून घ्यायचा. लोक रांगा लावायचे, कारण त्याच्या केसेस पटापट मंजूर व्हायच्या. का व्हायच्या? तो डॉक्टरांकडून आधीच भरलेल्या फॉर्मवर सह्या घ्यायचा आणि एका न्यायाधीशाला पैसे द्यायचा. सरकारवर ५५ कोटी डॉलरहून जास्त बोजा टाकणारा घोटाळा. २०१७ च्या मार्चमध्ये त्याने गुन्हा कबूल केला, जूनमध्ये पळून गेला, डिसेंबरमध्ये होंडुरासमध्ये सापडला. आज शिक्षा भोगतोय. तो न्यायाधीशही तुरुंगात गेला.

पण माझा मुद्दा त्याच्या अशिलांचा आहे. सुमारे दीड हजार लोकांच्या केसेस पुन्हा उघडल्या गेल्या. त्यातले किती तरी खरोखर आजारी होते. पण त्यांच्या फाईलमधले कॉनने घातलेले रिपोर्ट बाद झाले आणि त्यांना सांगितलं गेलं, कित्येक वर्षांपूर्वी तुम्ही आजारी होता हे आता दुसऱ्या कागदांवरून सिद्ध करा. जुनी हॉस्पिटलं बंद, डॉक्टर निवृत्त, कागद नाहीत. शेकडो जणांचे पैसे बंद झाले. प्रतिनिधीने फाईलमध्ये जे घातलं ते तुमच्या नावावर जातं. म्हणून कोणी म्हणालं, 'आमचा डॉक्टर आहे, तो लिहून देईल, तुम्ही काळजी करू नका', तर काळजी करा.

आता दुसरी सूचना, ओळखीचे वकील. इमिग्रेशन आणि डिसॅबिलिटी ही दोन वेगळी जगं आहेत. म्हणजे जावा येतं म्हणून हार्डवेअर दुरुस्त करता येईल असं नाही ना? ओळखीच्या वकिलांना आदरानेच विचारा, 'साहेब, गेल्या वर्षभरात सोशल सिक्युरिटीच्या किती सुनावण्या केल्यात?' चांगला माणूस स्वतःच सांगतो की हे माझं काम नाही, अमक्याकडे जा. काकांच्या बाबतीत तसंच झालं. त्या वकिलांनीच दुसऱ्या ऑफिसचं नाव सुचवलं.

आणि 'मराठी बोलणाराच हवा' हा आग्रह सोडा. सोशल सिक्युरिटीचं ऑफिस दुभाषा फुकट देतं, सुनावणीलाही देतं. फक्त आधी मागून ठेवायचा. मुलाने किंवा भाच्याने दुभाष्याचं काम करू नये हे उत्तम, कारण आपण प्रेमापोटी शब्द गाळतो किंवा वाढवतो.

भाषेवरून अजून एक. आपल्या लोकांत एक सल्ला फिरतो, 'इंग्रजी येत नाही असं सांगा, लवकर मिळतं.' एके काळी नियमांत इंग्रजी न येणं हा खरंच एक मुद्दा होता. २७ एप्रिल २०२० पासून तो काढून टाकलाय. आजही कोणी प्रतिनिधी हा सल्ला देत असेल तर समजा, त्याचं सॉफ्टवेअर पाच वर्षं अपडेट झालेलं नाही.

तिसरी सूचना, मी. कायद्याने मी होऊ शकलो असतो. प्रतिनिधी वकीलच हवा असं नाही. घरचं माणूसही चालतं. शिवाय वकील नसलेले पण हेच काम व्यवसाय म्हणून करणारे लोक असतात. सरकारकडून थेट फी हवी असेल तर त्यांना परीक्षा द्यावी लागते, विमा काढावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यातले काही वकिलांइतकेच तयार असतात. फक्त केस पुढे फेडरल कोर्टात गेली तर तिथे वकीलच लागतो, एवढं लक्षात ठेवा.

मी नाही म्हणालो. कारण सुनावणीत काय होतं ते वाचलं. न्यायाधीशासमोर बहुतेक वेळा एक 'व्होकेशनल एक्स्पर्ट' असतो. न्यायाधीश त्याला विचारतो, समजा असा एक माणूस आहे, इतकं उचलू शकतो, इतका वेळ बसू शकतो, त्याला देशात कोणतं काम मिळेल? एक्स्पर्ट कामांची नावं सांगतो. ती नावं ज्या सरकारी यादीतून येतात, तिची शेवटची मोठी आवृत्ती १९९१ची. त्यात दाणे निवडणाऱ्याचं वगैरे कामही आहे! २०२४ मध्ये सरकारनेच अशी बरीच जुनाट कामं बाजूला काढली. आता त्या क्षणी उलट प्रश्न कोण विचारणार? 'हाच माणूस दर वीस मिनिटांनी उठून उभा राहत असेल तर? दिवसाचा इतका वेळ कामावर लक्षच देऊ शकत नसेल तर?' या एका प्रश्नावर केस फिरू शकते. हे रोज करणाऱ्याचं काम आहे, पुतण्या-भाच्याचं नाही. मी साक्षीदार होऊ शकतो, कागद लावून देऊ शकतो, रोजची नोंद ठेवायला मदत करू शकतो. तेवढं भरपूर आहे.

बरं, मग समोर बसल्यावर प्रतिनिधीला ओळखायचं कसं? माझे चार प्रश्न आहेत. मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

पहिला, 'माझी शेवटची विम्याची तारीख कोणती?' काम थांबल्यावर हा विमा कायम चालू राहत नाही. नियमित काम केलेल्या माणसाचा साधारण पाच वर्षांनी संपतो. त्या तारखेच्या आधी तुम्ही आजारी होता हे दाखवावं लागतं. जाणकार माणूस हे पहिल्याच भेटीत काढतो. तुम्ही विचारल्यावर तो गोंधळला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

दुसरा, 'माझ्या वयाचा काय फरक पडतो?' पन्नाशी ओलांडली की नियम बदलतात, पंचावन्नला आणखी बदलतात. अंगमेहनतीचं काम केलेल्या ५३ वर्षांच्या माणसाला तरुणासारखं 'दुसरं कुठलंही बसून करायचं काम शोधा' असं सहज म्हणता येत नाही. काकांच्या प्रतिनिधीने, त्या बाईंनी, हे आम्ही विचारायच्या आधी सांगितलं. तिथेच मावशी माझ्याकडे बघून हसली.

तिसरा, 'डॉक्टरांचे कागद कोण मागवणार, कधी, आणि त्याचा खर्च कोणाचा?' फी वेगळी आणि कागदांचा खर्च वेगळा. हरलात तरी तो खर्च मागितला जाऊ शकतो. करारात बघा. वेळेचं गणितही आहे. सुनावणीची नोटीस किमान ७५ दिवस आधी येते आणि पुरावे सुनावणीच्या किमान पाच कामाचे दिवस आधी द्यावे लागतात, किंवा निदान कोणते यायचे आहेत ते कळवावं लागतं. नोटीस आल्यावर कागद मागवायला सुरुवात करणारा माणूस उशिरा जागा झालाय.

चौथा, 'सुनावणीआधी आपण किती वेळा बोलणार?' याचं कारण आपल्या स्वभावात आहे. आपली माणसं डॉक्टरकडे गेली की काय म्हणतात? 'बरं आहे. चालतंय.' डॉक्टर लिहितो, रुग्ण ठीक आहे. काकांच्या फाईलमध्ये तेच होतं, भेटीमागून भेट, 'ठीक'. घरी मात्र पायात मोजे मावशी घालून देते. त्या बाईंनी काकांना तासभर एकच विचारलं, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं? मग बाहेर आलं की आंघोळीला स्टूल लागतं, भाजी आणायला गेले तर गाडीत आडवं व्हावं लागतं. त्यांनी सांगितलं, पुढच्या वेळी डॉक्टरला हेच सांगा, वाढवू नका आणि लपवूही नका. फाईल वाचणारा माणूस म्हणजे हा.

आता काही धोक्याच्या खुणा. आधीच रोख फी मागतो, तर पैसे ठरलेल्या खात्यात बाजूला ठेवले जातायत का आणि कराराला मंजुरी आहे का ते बघा. नाहीतर उठा. 'शंभर टक्के मिळवून देतो' म्हणतो, उठा. तुमच्या विरुद्ध जाणारा रिपोर्ट द्यायला नको म्हणतो, तर नक्की उठा. आजाराशी संबंधित सगळे पुरावे द्यायचे असा नियम आहे, सोयीचेच नाही.

प्रतिनिधी बदलता येतो. लेखी कळवलं की झालं. पण आधीच्याने आपल्या फीवरचा हक्क सोडला नाही तर नवीन माणूस केस घ्यायला कचरतो, कारण फी वाटली जाते. म्हणून बदलताना त्याच्याकडून तसं लेखी मागा. आणि मुळात पहिल्यांदाच दोन-तीन जणांशी बोलून ठरवा.

ज्यांना कोणीच मिळत नाही त्यांनी आपल्या भागातलं लीगल एड ऑफिस आणि लॉ कॉलेजचं क्लिनिक विचारून बघा. उत्पन्न कमी असेल तर तिथे फुकट मदत मिळू शकते.

शेवटची आणि सगळ्यात तातडीची गोष्ट. नकाराचं पत्र मिळाल्यापासून अपिलाला ६० दिवस असतात. पत्रावरच्या तारखेनंतर पाच दिवसांत ते तुम्हाला मिळालं असं धरतात. चांगला प्रतिनिधी शोधण्याच्या नादात हे दिवस घालवू नका. अपील ऑनलाइन स्वतः करता येतं आणि प्रतिनिधी नंतर जोडता येतो. आम्ही तेच केलं. आधी अपील दाखल करून पावती सेव्ह केली, मग निवांत तीन ऑफिसांशी बोललो. मुदत चुकली तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि मधल्या महिन्यांचे पैसे गेले. वर शेवटची विम्याची तारीख उलटली असेल तर प्रकरण आणखी अवघड.

काकांची सुनावणी झाली, निकाल यायचाय. काय होईल ते माहीत नाही. पण त्यांच्या फाईलमध्ये आता त्यांचा खरा दिवस लिहिलेला आहे, एवढं नक्की.

तुमच्या ओळखीत कोणी तिकडे असेल, आणि घरात असं पत्र येऊन पडलं असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. आणि पाठवताना सोबत एक ओळ लिहा, 'पत्रावरची तारीख बघ.' बाकीचं ते ऐकतील.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि डॉक्टरने विचारलं तर उगाच 'बरंय' म्हणू नका!